वाचकांचे प्रश्न : पान रेंगाळते तेव्हा डेटाबेसला नेमके काय विचारले जाते?

या अंकासाठी निवडलेली पत्रे मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून आली आहेत, आणि त्यांतील बहुतेक तक्रारी एकाच जातीच्या आहेत: नोंदी थोड्या होत्या तोवर चटकन उघडणारे संकेतस्थळाचे पान नोंदी वाढल्यावर रेंगाळू लागले. संकेतस्थळे बांधण्याच्या जँगो (पायथन भाषेतील) किंवा लाराव्हेल (पीएचपीतील) यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, हाताने लिहावी लागत नाही. ओआरएम हा थर ती आपल्या वतीने तयार करतो. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यामुळे डेटाबेसकडे प्रत्यक्षात कोणती क्वेरी (एसक्यूएलमधला प्रश्न) गेली आणि किती वेळा गेली, हे नजरेआड राहते. म्हणून पुढील उत्तरांत आधी ती क्वेरी उघड करून पाहण्याचा आग्रह धरला आहे आणि उपाय त्यानंतर सांगितला आहे.

प्रश्न : मी काही गृहनिर्माण सोसायट्यांसाठी देखभाल बिलांची प्रणाली जँगो आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर बांधली आहे. एका पानावर २०० बिले दिसतात आणि प्रत्येक बिलासमोर सदनिका, विंग, सभासदाचे नाव व जमा झालेल्या पावत्या असतात. पान उघडायला कित्येक सेकंद लागतात. सर्व्हरची मेमरी वाढवली, तरी फरक पडला नाही. इंडेक्स वाढवावेत का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : इंडेक्सचा, म्हणजे नोंदी चटकन शोधून देणाऱ्या सूचीचा, विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या वर्णनावरून दोष एखाद्या क्वेरीच्या वेगात नसून क्वेरींच्या संख्येत आहे असे दिसते, आणि ते पडताळणे सोपे आहे. विकासासाठी वापरत असलेल्या संगणकावर जँगो डीबग टूलबार बसवा, तेच पान उघडा आणि एसक्यूएलच्या रकान्यातील आकडा वाचा. २०० बिलांची यादी आणणारी एक क्वेरी तेथे असेलच. त्यानंतर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, बिलावरून सदनिकेचा उल्लेख झाला की सदनिकेसाठी एक, सदनिकेवरून विंगसाठी एक, सभासदासाठी एक आणि पावत्यांसाठी एक, अशा प्रत्येक बिलामागे चार क्वेरी निघतील. म्हणजे एकूण ८०१. सोसायटीत विंग पाचच असल्या तरी त्यांच्यासाठी २०० क्वेरी जातात, कारण प्रत्येक सदनिका मेमरीत स्वतंत्र वस्तू म्हणून येते आणि शेजारच्या सदनिकेने हीच विंग नुकतीच आणली आहे हे तिला ठाऊक नसते. यांतील प्रत्येक क्वेरी एक-दोन मिलिसेकंदांत पुरी होत असेल. त्यामुळे इंडेक्स वाढवून किंवा मेमरी वाढवून हाती काही लागत नाही.

जँगोत यावर दोन साधने आहेत आणि त्यांतील फरक नीट समजून घ्यावा. ‘सिलेक्ट रिलेटेड’ हे साधन मूळ क्वेरीतच जॉइन करून, म्हणजे दोन तक्ते जोडून, संबंधित नोंद आणते. ते फॉरेन की आणि वन-टू-वन या संबंधांसाठी, म्हणजे जेथे पलीकडे एकच नोंद असते तेथे चालते. आपल्या बाबतीत सदनिका, तिची विंग आणि सभासद हे तिन्ही त्यात बसतात. पावत्या मात्र एका बिलाला अनेक असू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी ‘प्रीफेच रिलेटेड’ वापरावे. ते जॉइन करत नाही. २०० बिलांचे क्रमांक घेऊन पावत्यांची एकच वेगळी क्वेरी करते आणि कोणती पावती कोणत्या बिलाची हे पायथनमध्ये जुळवते. अशा रीतीने ८०१ क्वेरींच्या जागी दोन उरतात.

येथवर बहुतेक जण पोहोचतात आणि तरीही टूलबारवरील आकडा उतरत नाही. त्याचे नेहमीचे कारण असे की, टेम्प्लेटमध्ये किंवा मॉडेलच्या (तक्त्याचे वर्णन करणाऱ्या पायथन क्लासच्या) एखाद्या पद्धतीत पावत्यांवर पुन्हा गाळणी लावलेली असते, उदाहरणार्थ रद्द झालेल्या पावत्या वगळण्यासाठी. आधी आणून ठेवलेल्या संचावर ‘फिल्टर’ किंवा ‘ऑर्डर बाय’ लावले की जँगो तो संच बाजूला ठेवून डेटाबेसकडे नव्याने जातो, आणि बिलागणिक एक क्वेरी परत सुरू होते. अशा वेळी ‘प्रीफेच’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट वापरून गाळणी आणि क्रम त्यातच द्यावा, ‘टू अ‍ॅट्र’ने त्या यादीला स्वतःचे नाव द्यावे आणि टेम्प्लेटमध्ये तेच नाव वापरावे. अ‍ॅडमिनचे (व्यवस्थापकाचे) पान संथ असेल तर आणखी एक जागा तपासा: एखाद्या मॉडेलचे नाव दाखवणारी ‘स्ट्र’ पद्धत सदनिकेचे नाव छापताना विंगचे नाव मागत असेल, तर सदनिका निवडण्याच्या लांबलचक ड्रॉपडाउनमधील प्रत्येक ओळ एक क्वेरी करते. तेथे ‘रॉ आयडी फील्ड्स’ किंवा ‘ऑटोकंप्लीट फील्ड्स’ वापरल्यास तो ड्रॉपडाउनच नाहीसा होतो.

पत्राच्या शेवटी आपण ओझरते लिहिले आहे की, बिलावरील जमा रक्कम आणि दंड यांच्या बेरजा आता एकाच क्वेरीत ‘अ‍ॅनोटेट’ने काढण्याचा विचार आहे. वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट येथे आहे. पावत्या आणि दंड हे दोन्ही बिलाला अनेकपटींनी जोडलेले तक्ते एकाच क्वेरीत जॉइन झाले की त्यांच्या ओळींचा गुणाकार होतो. एका बिलावर प्रत्येकी २,००० रुपयांच्या दोन पावत्या आणि तीन दंड असतील, तर जमा रक्कम ४,००० ऐवजी १२,००० दिसेल आणि दंडाची बेरीज दुप्पट होईल. कोणताही इशारा येत नाही. क्वेरी वेगाने चालते आणि चुकीचे उत्तर देते. मोजणीसाठी ‘डिस्टिंक्ट’ लावून हा दोष निघतो, परंतु रकमांच्या बेरजेला तो उपाय चालत नाही, कारण सारख्या रकमेच्या दोन पावत्या मग एकच धरल्या जातात. प्रत्येक बेरीज स्वतंत्र ‘सबक्वेरी’ने, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीने, काढावी. सभासदांच्या पैशांचा हिशोब आहे, म्हणून नवी क्वेरी रुजू करण्यापूर्वी जुन्या पद्धतीने काढलेल्या बेरजांशी ती ताडून पाहावी.

हे सारे झाल्यावर त्या पानासाठी एक चाचणी लिहून ठेवा. जँगोच्या ‘असर्ट नम क्वेरीज’ने पानाच्या क्वेरींची संख्या बांधून घेता येते, पुढे कोणी टेम्प्लेटमध्ये एक निरागस दिसणारी ओळ वाढवली, तर ती चूक चाचणीतच उघडी पडते.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या जँगो आणि पोस्टग्रेसमध्ये आहेत. बऱ्याच वर्षांच्या नोंदी साठल्या आहेत. पावतीच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स आहे, तरीही एखाद्या दिवसाच्या पावत्या काढताना डेटाबेस संपूर्ण तक्ता वाचतो. इंडेक्स बिघडला असेल का?
– एक कार्यकर्ता, लालबाग

उत्तर : इंडेक्स बिघडलेला नाही, आपली क्वेरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. क्वेरीसेटवर, म्हणजे जँगोत लिहिलेल्या क्वेरीवर, ‘एक्सप्लेन’ लावा; डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते त्यातून कळते. ही सोय जँगोच्या २.१ आवृत्तीपासून आहे, आणि ‘अ‍ॅनालाइझ’चा पर्याय दिल्यास पोस्टग्रेस ती क्वेरी खरोखर चालवून प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ सांगतो. (खरोखर चालवतो, हे लक्षात असू द्यावे, बदल करणाऱ्या किंवा नोंद पुसणाऱ्या एसक्यूएलवर ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावायचे असेल, तर ते ट्रान्झॅक्शनमध्ये लावून नंतर रोलबॅक करावे, म्हणजे बदल मागे घ्यावा.) उत्तरात ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (संपूर्ण तक्त्याचे क्रमाने वाचन) दिसेल, त्याखाली गाळणीने वगळलेल्या ओळींचा मोठा आकडा असेल आणि गाळणीच्या ओळीत खरे कारण लिहिलेले असेल.

आपण बहुधा वेळेच्या कॉलमवर ‘डेट’ ही गाळणी लावली आहे. वेळक्षेत्राची सोय चालू असताना जँगो तिचे रूपांतर असे करतो: प्रत्येक ओळीतील वेळ आधी आशिया/कोलकाता या क्षेत्रात बदलायची, तिच्यातून तारीख काढायची आणि मग ती तारीख दिलेल्या तारखेशी जुळते का ते पाहायचे. इंडेक्स मूळ वेळेवर रचलेला आहे, तिच्यातून काढलेल्या तारखेवर नव्हे. त्यामुळे तो निरुपयोगी ठरतो. उपाय असा की, दिवसाचा प्रारंभ आणि दुसऱ्या दिवसाचा प्रारंभ या दोन वेळा पायथनमध्ये काढाव्यात आणि ‘या वेळेपासून, त्या वेळेच्या आधीपर्यंत’ अशी गाळणी लावावी. २७ ऑगस्ट २०२५ या गणेशचतुर्थीच्या दिवसाच्या पावत्या हव्या असतील, तर जागतिक प्रमाणवेळेनुसार ती मर्यादा २६ ऑगस्टच्या १८:३० पासून २७ ऑगस्टच्या १८:३० पर्यंत येते, कारण आपली घड्याळे साडेपाच तास पुढे आहेत. हे गणित हाताने करू नये. वेळक्षेत्रासह तारीख तयार केली की जँगो ते स्वतः करतो. वरची मर्यादा ‘२३:५९:५९ पर्यंत’ अशी लिहिण्याची सवय मात्र सोडून द्यावी, कारण त्या शेवटच्या सेकंदाच्या आत पडलेली पावती तिच्यातून निसटते.

वर्षावरची गाळणी जँगो आपण होऊन ‘पासून–पर्यंत’ अशा रूपात लिहितो, त्यामुळे ‘इयर’ वापरलेली आपली वार्षिक अहवालाची पाने ठीक चालत असतील. ‘मंथ’ची गाळणी मात्र ‘डेट’प्रमाणेच इंडेक्सला चुकवते.

अशा कामासाठी पुढे नवा इंडेक्स घालण्याची वेळ आलीच, तर उत्सवाच्या दिवसांत तो साध्या मायग्रेशनने (तक्त्यांची रचना बदलणाऱ्या जँगोच्या फाइलने) घालू नये. साधा इंडेक्स तयार होत असताना पोस्टग्रेस त्या तक्त्यात नवी नोंद होऊ देत नाही. वाचन चालते, पण मंडपातील पावत्या फाडणे थांबेल. जँगोच्या पोस्टग्रेससाठीच्या विभागात ‘अ‍ॅड इंडेक्स कंकरंटली’ ही क्रिया ३.० आवृत्तीपासून आहे. ती वापरताना मायग्रेशनमध्ये ‘अ‍ॅटॉमिक’चे मूल्य ‘फॉल्स’ ठेवावे लागते. मध्येच काही अडले, तर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो; तो पुसून पुन्हा घालावा.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकाच्या नावातील कोणताही शब्द टाकून शोधता येते. जँगोची ‘आय कंटेन्स’ ही, मोठी-लहान अक्षरे सारखी मानणारी गाळणी वापरली आहे. शीर्षकावर इंडेक्स असूनही शोध संथ आहे, आणि काही पुस्तके यादीत असून सापडत नाहीत.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नेहमीचा बी-ट्री इंडेक्स शीर्षकाच्या सुरुवातीपासून लावलेला असतो, त्यामुळे मधोमध कोठेही येणारा मजकूर त्याच्या साह्याने शोधता येत नाही. पोस्टग्रेसमधील ‘पीजी ट्रायग्रॅम’ हे एक्स्टेन्शन (जोडभाग) मजकुराचे तीन-तीन वर्णांचे तुकडे करून त्यांचा ‘जिन’ जातीचा इंडेक्स ठेवते आणि असा शोध वेगाने लावते. येथे अनेकांची वाट चुकते ती अशी: पोस्टग्रेसवर ‘आय कंटेन्स’ची एसक्यूएल होताना जँगो दोन्ही बाजूंना ‘अपर’ हे सर्व अक्षरे मोठी करणारे फंक्शन लावतो, म्हणून साध्या शीर्षकावर घातलेला ट्रायग्रॅम इंडेक्स तसाच पडून राहतो. जँगो ३.२ पासून फंक्शनवर इंडेक्स घालता येतो. तो ‘अपर’ लावलेल्या शीर्षकावरच घालावा. देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी-लहान अक्षरे नसल्याने, यादी केवळ मराठी असेल तर सरळ ‘कंटेन्स’ वापरून हा पेच टाळता येतो.

इंडेक्स घालण्याआधी ‘शो टीआरजीएम’ या फंक्शनला एखादे मराठी शीर्षक देऊन पाहा. तुकड्यांच्या जागी सांकेतिक आकडे दिसले तर काळजी नको, देवनागरीसाठी ते तसेच दिसतात. परंतु यादी रिकामी आली, तर आपला डेटाबेस ‘सी’ या लोकेलमध्ये (भाषा व अक्षरांच्या नियमांच्या संचात) तयार झाला आहे आणि त्यात मराठी अक्षरे अक्षरे म्हणून ओळखलीच जात नाहीत. चालू डेटाबेसचा हा गुण बदलता येत नाही. योग्य लोकेलचा नवा डेटाबेस करून त्यात नोंदी भरणे हाच मार्ग आहे.

न सापडणाऱ्या पुस्तकांचे कारण वेगाशी निगडित नाही, तरी त्याबद्दल लिहिणे मला अगत्याचे वाटते, कारण मराठी याद्यांतील हे दुखणे फार दुर्लक्षित आहे. युनिकोड या अक्षरसंकेतात ‘ऱ’ हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, डेटाबेसला ती वेगळी वाटतात. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलने एनएफसी या एका प्रमाणित रूपात आणून मगच नोंद साठवावी आणि शोधशब्दावरही तीच क्रिया करावी, म्हणजे हा भेद मिटतो. ‘ॲ’ची गोष्ट याहून अवघड आहे: ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले अक्षर आणि मराठीसाठी असलेले स्वतंत्र ‘ॲ’ हे युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे एनएफसीने ती एक होत नाहीत. ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द शीर्षकांत पुष्कळ असतात, म्हणून हा बदल आपल्या प्रोग्राममध्ये स्वतः लिहावा. शून्य रुंदीची जोडचिन्हे, जी काही कीबोर्ड नकळत घालतात, त्यांचाही विचार तेथेच करावा.

प्रश्न : लाराव्हेल आणि मायएसक्यूएल वापरतो. ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकावर इंडेक्स आहे, तरी क्रमांकावरून ग्राहक शोधताना दोन सेकंद लागतात. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये हाताने लिहिलेली तीच क्वेरी क्षणात चालते.
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : हाताने लिहिताना आपण क्रमांक अवतरणचिन्हांत लिहिला असावा आणि प्रोग्राममध्ये तो पूर्णांक म्हणून जात असावा. मोबाइलचा कॉलम मजकुराचा असेल आणि त्याची तुलना संख्येशी होत असेल, तर मायएसक्यूएल इंडेक्सवरून थेट शोध घेऊ शकत नाही: आधी शून्य असलेली, आधी मोकळी जागा असलेली अशी अनेक मजकूररूपे एकाच संख्येइतकी ठरतात, म्हणून त्याला प्रत्येक ओळ संख्येत बदलून पाहावी लागते. ‘एक्सप्लेन’मध्ये शक्य इंडेक्सच्या रकान्यात आपल्या इंडेक्सचे नाव असेल, पण वापरलेल्या इंडेक्सचा रकाना रिकामा असेल आणि प्रकार ‘ऑल’ असेल. क्रमांक क्वेरीला देण्यापूर्वी स्ट्रिंगमध्ये बदला, एवढेच पुरेसे आहे. कॉलम संख्येचा करू नका. मोबाइल क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. आपल्या यादीच्या पानांवर संबंधित नोंदी ‘विथ’ने एकदम आणल्या आहेत का तेही पाहावे, आणि ‘प्रिव्हेंट लेझी लोडिंग’ विकासाच्या टप्प्यात चालू ठेवावे, म्हणजे नोंदीमागे एक क्वेरी करणारी ओळ तेथेच थांबवली जाईल.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर अर्ध्या सेकंदात उघडणारे पान प्रत्यक्ष सर्व्हरवर सात-आठ सेकंद घेते. कोड तोच, नोंदी त्याच. वेब सर्व्हर मुंबईत आहे. डेटाबेस मात्र एका परवडणाऱ्या योजनेत अमेरिकेतील व्हर्जिनियात घेतला आहे.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यात आहे. मुंबई ते व्हर्जिनिया हे अंतर सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येण्यास किमान १३० मिलिसेकंद लागतात, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. पानाला ४० क्वेरी लागत असतील, तर नुसत्या प्रवासातच पाच सेकंदांहून अधिक जातील, मग क्वेरी कितीही चपळ असो. लॅपटॉपवर हा प्रवास शून्य होता.

त्यात जँगोचे मूळ सेटिंग भर घालते. ‘कॉन मॅक्स एज’ शून्य असल्याने दर विनंतीला डेटाबेसशी नवे कनेक्शन होते, आणि पहिली क्वेरी निघण्यापूर्वीच जोडणी, एन्क्रिप्शन व ओळखपडताळणी यांसाठी काही फेऱ्या होतात. हे मूल्य काही मिनिटांचे ठेवा आणि जँगो ४.१ पासून उपलब्ध असलेली ‘कॉन हेल्थ चेक्स’ ही सोय चालू करा, म्हणजे मध्येच तुटलेले कनेक्शन वापरले जाणार नाही. प्रत्येक वर्कर (विनंत्या हाताळणारी सर्व्हरवरील प्रक्रिया) आपले कनेक्शन धरून ठेवेल, म्हणून एकूण वर्करांची संख्या पोस्टग्रेसच्या मर्यादेत बसते का ते पाहावे. ती मर्यादा मुळात १०० असते. अधिक लागत असतील, तर मर्यादा वाढवत नेण्यापेक्षा मध्ये पीजी-बाउन्सर हा थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम ठेवावा.

खरा उपाय मात्र वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकाच ठिकाणी आणणे हाच आहे. अ‍ॅमेझॉनचे क्लाउड केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून आहे. खर्चामुळे डेटाबेस हलवणे शक्य नसेल, तर वेब सर्व्हरच व्हर्जिनियाला न्या. हे विपरीत वाटेल, परंतु मग समुद्र ओलांडणारी फेरी ब्राउझरच्या विनंतीपुरती उरते आणि त्या ४० क्वेरी तेथल्या तेथे पुऱ्या होतात.

प्रश्न : एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण नोंदींची यादी पानापानांनी दाखवतो. पहिली पाने वेगाने येतात, जुनी पाने अतिशय संथ. विभाग, तारीख आणि नोंद क्रमांक असा एकत्र इंडेक्स आहे.
– एक वाचक, परळ

उत्तर : पानांकनासाठी ‘ऑफसेट’ वापरला की डेटाबेस तितक्या ओळी वगळून पुढे उडी मारत नाही, तो त्या वाचतो आणि टाकून देतो. ५० नोंदींच्या ५,००१ व्या पानासाठी अडीच लाख नोंदी वाचून फेकल्या जातात. त्याऐवजी मागील पानावरची शेवटची तारीख आणि शेवटचा नोंद क्रमांक लक्षात ठेवून ‘याच्या आधीच्या ५०’ असे मागावे. अट अशी लिहावी: तारीख त्या तारखेइतकी किंवा आधीची असावी, आणि त्याबरोबरच एकतर ती निश्चितपणे आधीची असावी किंवा नोंद क्रमांक लहान असावा. पहिला भाग तर्काच्या दृष्टीने अनावश्यक वाटतो, पण तो दिल्याने डेटाबेसला इंडेक्समध्ये कोठून सुरुवात करायची ते कळते. ‘पान क्रमांक ५,००१ वर जा’ ही सोय यात राहत नाही. जुने कागद शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांना तारखेची गाळणी देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

इंडेक्समधील क्रमाविषयी एक सूचना. एमटीएनएलची छापील टेलिफोन डिरेक्टरी आडनावाने आणि मग नावाने लावलेली असे. आडनाव ठाऊक नसताना नुसत्या नावावरून तिच्यात शोधणे व्यर्थ होते. आपला इंडेक्स विभागाने सुरू होतो, म्हणून सर्व विभागांची एकत्र यादी तारखेनुसार मागितली की तो फारसा कामाला येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ने अशा परिस्थितीत काही प्रमाणात वाट काढली आहे, तीही पहिल्या कॉलममध्ये वेगवेगळी मूल्ये थोडी असतील तेव्हाच. क्रमवार यादीसाठी मात्र तारखेने सुरू होणारा दुसरा इंडेक्स घालणेच चांगले.

जँगोचा पॅजिनेटर (यादीची पाने पाडणारा भाग) एकूण पाने सांगण्यासाठी दर वेळी सर्व नोंदी मोजतो, हेही ध्यानात घ्यावे. मोठ्या तक्त्यावर ही मोजणीच कधी कधी मूळ क्वेरीहून महाग पडते.

प्रश्न : रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारी प्रणाली) बसवून पाने कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रतींच्या साठ्यात, ठेवली तर हे सर्व टळणार नाही का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : सर्वांना सारखे दिसणारे आणि क्वचित बदलणारे पान कॅशमध्ये अवश्य ठेवावे. ज्या पानावर एखाद्याचे बिल, शिल्लक किंवा वैद्यकीय नोंद आहे, तेथे आधी क्वेरी दुरुस्त करावी. कॅश रिकामा होईल त्या क्षणी मुलुंडच्या पत्रातील ती ८०० क्वेरींची रांग परत उभी राहते, आणि दरम्यान शिळा आकडा दिसण्याचा धोका वेगळा.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या प्रवेश पोर्टलवर काम करते. एक सेकंदाहून अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरी लॉगमध्ये नोंदवण्याची व्यवस्था केली आहे. लॉग जवळजवळ रिकामा असतो, तरी प्रवेशाच्या दिवसांत डेटाबेसचा सीपीयू पूर्ण व्यापलेला असतो. कोठून सुरुवात करू?
– एक वाचक, माटुंगा

उत्तर : आपला लॉग खोटे सांगत नाही, तो फक्त लांब क्वेरी पाहतो. पाच मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात दोन लाख वेळा चालली, तर तिने १,००० सेकंद घेतले, आणि महिन्यातून एकदा चालणाऱ्या तीन सेकंदांच्या अहवालापुढे तिचे ओझे कितीतरी मोठे आहे. पोस्टग्रेसबरोबर येणारे ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन यासाठीच आहे. ते सेटिंगमधील ‘शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज’मध्ये घालून डेटाबेस एकदा पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणून हे काम प्रवेशाच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्यावे. ते एकसारख्या आकाराच्या क्वेरी, त्यांतील मूल्ये वेगळी असली तरी, एकत्र मोजते. सरासरी वेळेने नव्हे तर एकूण वेळेने उतरत्या क्रमात यादी लावा. आवृत्ती १३ पासून त्या कॉलमचे नाव ‘टोटल एक्झेक टाइम’ आहे. पहिल्या पाच-सहा ओळींतच आपले उत्तर असण्याची शक्यता फार आहे. ज्या ओळीत क्वेरी चालल्याची संख्या प्रचंड आणि सरासरी वेळ अत्यल्प असेल, तेथे मुलुंडच्या वाचकांना दिलेले उत्तर लागू पडते. जेथे ती संख्या थोडी आणि सरासरी मोठी, तेथे ‘एक्सप्लेन’ लावावे.

‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’मध्ये अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी हे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. अंदाज दहा ओळींचा आणि प्रत्यक्षात लाखभर, अशी तफावत असेल तर डेटाबेसकडची आकडेवारी बहुधा जुनी झाली आहे. पोस्टग्रेस ती आपोआप ताजी करतो, पण मूळ सेटिंगमध्ये त्यासाठी तक्त्याचा सुमारे दहावा हिस्सा बदलावा लागतो. प्रवेश सुरू होताच हजारो अर्ज एकदम भरले जातात आणि ती प्रक्रिया मागे पडू शकते. गुणवत्ता यादीसाठी अर्जांची मोठी आयात केल्यावर त्या तक्त्यावर ‘अ‍ॅनालाइझ’ हाताने चालवण्याची आज्ञा आयातीच्या स्क्रिप्टच्या शेवटी घालून ठेवा. तीच आयात सध्या एकेक अर्ज ‘सेव्ह’ करत असेल, तर अनेक नोंदी एकदम घालणारे ‘बल्क क्रिएट’ वापरल्याने क्वेरी मोठ्या प्रमाणात कमी होतील. मात्र त्यात मॉडेलची ‘सेव्ह’ पद्धत आणि सिग्नल (नोंद साठवताना आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, म्हणून अर्ज क्रमांक देणे किंवा विद्यार्थ्याला ईमेल पाठवणे असे काही त्यांवर अवलंबून असेल, तर ते आधी वेगळे काढून आयातीत स्वतंत्रपणे लिहावे लागेल.